गाळलेल्या बातम्या

चूक माझीच होती. शनिवारी कंपनीला सुट्टी असायची, तेव्हा मी नारायण पेठेतल्या अंधांच्या संस्थेत पेपर वाचून दाखवायचो. ऐकणाऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून निधनवार्ता गुपचूप गाळायचो.

पहिल्या खुर्चीतले काका मांडीवरच्या काठीवर बोटांनी ताल धरत ऐकायचे. एकदा ताल थांबला.

"अहो, महिनाभर पुण्यात कुणी गेलंच नाही का?"

सगळे हसले. मी कारण सांगितलं.

"माझा शाळेतला मित्र गेला, ते मला तेरावा झाल्यावर कळलं. वाईट वाटून घ्यायचं की नाही, ते आमचं आम्ही बघू. तुम्ही हवं तर जाहिराती गाळा."

पुढच्या शनिवारी पेपर उघडण्याआधीच म्हणालो, "काका, चुकलो. माफ करा. आज निधनवार्तांपासूनच सुरुवात करतो."