ज्युरीत कधीच न बसलेल्या ओर्लीनबाई

ओर्लीन स्टॅम्परबाईंनी अमेरिकेत, केंटकीतल्या आमच्या गावात जन्मभर शाळेच्या पोरांना रांधून वाढलं. इथं खटल्याचा निकाल द्यायला साध्या गावकऱ्यांना ज्युरीत बोलावतात; सत्तरीनंतर मागितली तर त्यातून सूट मिळते. पण या बाई मागतील तर शपथ! कोर्टाचं बोलावणं आलं की निळा कोट चढवून हजर.

ज्युरी निवडताना वकील सगळ्यांना विचारतो, “तुमच्या घरातलं कुणी गुन्ह्याला बळी पडलंय?”

परवाही बाई उठल्या. “माझा लेक, वेंडल. गोळी घातली त्याला.”

वकिलानं न्यायाधीशांकडे पाहिलं. असं माणूस निःपक्ष राहणार नाही म्हणून न्यायाधीशांनी दरवेळेसारखं बाईंना घरी जायला सांगितलं.

मी कोर्टाचा शिपाई. दारापर्यंत सोडताना वैतागून म्हणालो, “मावशी, घेणार नाहीत हे ठाऊक असून कशाला तडफडत येता?”

“अरे, वेंडलचं नाव काढलं की सगळं गाव विषय बदलतं. इथं निदान विचारतात तरी.”