खंडेनवमीची हळद

बाबा गेल्यापासून मला काही वाटेनासंच झालं होतं. माधवनगरच्या एका बंद गिरणीच्या शेडमध्ये आमचा कारखाना आहे. उपग्रहाला गुंडाळायच्या प्लास्टिकच्या फिल्मवर आम्ही तिथं संरक्षक लेप चढवतो. मी सकाळी जायची, काम करायची, परत यायची. रडू म्हणून आलं नाही.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा होती. आई फलटणहून माझ्याकडं राहायला आली होती, तिलाही नेलं. ती सगळ्यांच्या मागं जाऊन उभी राहिली. "आता माजा हात चालतूय व्हय?" असल्या रीतींची मला भयंकर चीड आहे. वाटी तिच्या हातात कोंबली आणि लेपाच्या यंत्राला पहिली हळद तिलाच लावायला लावली.

पुढच्याच खेपेची फिल्म चाचणीत नापास झाली. पृथ्वीच्या जवळून फिरणाऱ्या उपग्रहावर ऑक्सिजनचे सुटे अणू सारखे आदळतात आणि प्लास्टिक खात जातात. लेप त्यांना अडवतो. पण लेप चढताना मध्ये एखादा कण आला, की तिथं बारीक भोक राहतं आणि अणू त्यातून आत शिरतात. मग वरचा लेप भाकरीच्या पापुद्र्यासारखा शाबूत आणि खालची फिल्म पोखरलेली. त्याच खेपेचा एक तुकडा चाचणीला गेला नव्हता. तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर लेपात पिवळे कण अडकलेले. यंत्राच्या दारावर लावलेली हळद आत सांडली होती. साहेबांनी मला दोन शब्द सुनावले, मी ऐकून घेतले.

पहिली हळद कुणाच्या हातची, याची मात्र कारखान्यात कुजबुज झाली आणि ती आईच्या कानावर गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. तसंही काही झालं नाही.

आई गवारी मोडत बसली होती. तिच्यासमोर बसून मी तिला सगळं नीट सांगितलं. सवाष्णीनं लावली असती तरी हळद सांडलीच असती. अणूंना हात कुणाचा ते कळत नाही. चूक असलीच तर माझी, मी पूड यंत्राजवळ न्यायला नको होती.

"म्हंजी माज्या हातानं न्हाई झालं?"

"नाही गं."

तिनं शेंगांचं ताट बाजूला सारलं.

"मग तुजं बाबा गेलं, त्यात बी माजा काय दोस न्हवता न्हवं?"

"नव्हता," मी म्हणाले. तिनं मान हलवली, आणि थोड्या वेळानं तेच पुन्हा विचारलं.