'निळी' हा शब्द मागे घेतला तेव्हा

शेंदूरजन्याच्या माझ्या समस्त भावकीस,

ज्या सकाळी संत्र्याची बाग धाकट्या भावाच्या स्वाधीन करून मी बैलगाडीत बसलो, त्या सकाळी वडील बागेच्या धुऱ्यावर, बांधावर उभे होते. "काहून जाऊन राहिला बे? झाडं तुले खाऊन राहिले का?" एवढेच ते म्हणाले. मांडीवर माझी सात वर्षांची लेक शेवंता होती. दहा पावलांत तिला धाप लागे, आणि छातीवर तळहात ठेवला की आत काहीतरी अखंड थरथरत असे. अकोल्यास मोठा दवाखाना आहे, इतकेच मला ठाऊक होते.

तिथल्या जठारपेठेत माडीवर खोली घेतली आणि चार इयत्तांच्या बळावर मी कचेरीसमोर अर्जनवीस झालो. दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांनी शेवंतेच्या छातीला नळी लावून ऐकले. "कापसाच्या जिनिंगच्या यंत्रासारखा आवाज आहे," ते म्हणाले. गर्भात हृदयालगतच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक वाहिनी असते. जन्मानंतर ती मिटते. शेवंतेची मिटली नव्हती. ती दोऱ्याने बांधणारे शस्त्रवैद्य मुंबईस होते.

त्यांना धाडायची डॉक्टरसाहेबांची चिठ्ठी दोन ओळींची. मी सोबत चार पानी अर्ज जोडला. जोरदार शब्दावाचून साहेबलोक हलत नाहीत, हा माझा अनुभव. म्हणून लिहिले, 'सदर बालिका वारंवार निळी पडते.' मुंबईहून उत्तर आले : निळ्या पडणाऱ्या रोग्याची ही वाहिनी बांधल्यास तो दगावतो, शस्त्रक्रिया अशक्य.

डॉक्टरसाहेबांनी ते उत्तर वाचले आणि कागद माझ्यापुढे धरला. "निळी? कधी पडली?"

"कधीच नाही, साहेब. तो शब्द माझा आहे."

"मग तुम्हीच मागे घ्या. आजच."

तेथेच बाकावर बसून लिहिले : 'मुलगी कधीही निळी पडलेली नाही. पूर्वीचे विधान खोटे असून ते मी केले. कृपया मुलीस तपासावे.' अभिमानाने नमूद करतो, याहून श्रेष्ठ अर्ज अवघ्या वऱ्हाडात कोणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. मुंबईने बोलावले, तपासले, वाहिनी बांधली. पट्टी सुटल्यावर मी तळहात ठेवला. थरथर नव्हती, नुसते ठोके होते.

वडील अजूनही निरोप धाडतात, "पोरगी बरी झाली, मंग घरी काहून नाई येत?" बाग माझीच आहे, तिचा वास मी विसरलो नाही. पण घर म्हणाल तर आता हे, माडीवरचे. शेवंता जिना धावत चढते, आणि मी मागाहून पोहोचलो की दारात उभी राहून विचारते, "बाबा, तुमाले काहून धाप लागून राहिली?"