आमसुलांच्या बदल्यातलं पिल्लू

गंगू मासेवालीने मला फसवलं. आईच्या दुधावरचं पिल्लू तिने मासे खाणारं म्हणून माझ्या ओटीत टाकलं आणि बदल्यात सूपभर आमसुलं नेली.

आमच्या मालवणात मांजर फुकट घेत नाहीत. फुकटचं जगत नाही म्हणतात. त्या दुपारी माझ्या दुकानाच्या पायरीवर माडांच्या झावळ्यांतून उतरलेलं ऊन पाण्यासारखं हलत होतं, मोहोराचा गोडसर वास सुकटीच्या खारट वासात विरघळत होता, आणि त्या सुगंधी गुंगीतही मी गंगूशी मुठीमुठीसाठी भांडले. नवऱ्यामागे दुकान उभं केलं ते असंच. भांडणाच्या भरात पिल्लाचे दात पाहायचे राहिले.

त्याला बांगडा कुस्करून भातातून दिला. सकाळी ते चुलीपाशी निपचित पडलं होतं. पोट टम्म, शेपटीखाली पिवळं पाणी, आणि प्यायलेला थेंबही उलटून पडत होता.

गंगूला मी भर बंदरावर गाठलं.

"मासो खाता म्हणालंस ना गो? मराक टेकलाहा ता!"

"चाटता म्हणालंय," ती खवले काढता काढता म्हणाली. "आमसुलां मोजून मोजून दिलंस, मांजराच्या तोंडात बघूक काय झाला व्हता तुका?"

सगळं बंदर हसलं. मी तडक परतले.

रेडिओवर तेव्हा जुलाब झालेल्या मुलांसाठी मीठ-साखरेचं पाणी सांगत. तेच कोमट करून, कापसाच्या वातीने मी त्याच्या ओठांवर थेंब थेंब सोडत राहिले. बाहेर समुद्राची गाज मंद होत गेली, गिऱ्हाइकं हाका मारून निघून गेली, आणि माझ्या तळहातावर तो इवला श्वास दूरच्या होडीसारखा दिसेनासा व्हायचा, पुन्हा दिसायचा. मग केव्हातरी त्याने वात चोखली. पुढे पेजेची निवळ पोटात टिकू लागली.

आता ते बरं आहे. पण झोप आली की माझ्या पोटावर चढतं, डोळे मिटून पंजांनी लुगडं मळत राहतं, आणि पदराचं टोक चोखत घुरघुरतं. दूध येत नाही. तरी चोखतं. मी, जिने कुणाला शब्द उधार ठेवला नाही, तिथे गप्प बसून असते.

आमसुलं गेली तर गेली. गंगूने इथे यावं, या पायरीवर बसावं, आणि याची आई कुठे आहे ते याला सांगावं.