शेजारचा विस्तव

आमच्या ह्यांच्या पायाला भिंगरी होती. जेवायला बसले तरी अर्धा घास तोंडात, अर्धं लक्ष दाराकडे. चर्चच्या मंडळीनं प्रचारक म्हणून आम्हाला डोंगरातल्या एका वस्तीवर पाठवलं, तर तिथल्या लोकांनी आठवड्यात ह्यांचं नावच भिंगरी पाडलं.

प्रभूची गोष्ट सांगत हे दारोदार फिरायचे. लोक ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि आपापल्या कामाला लागायचे. इतक्या वर्षांत बाप्तिस्मा घेतला तो एकीनं: टोपल्या विणणाऱ्याच्या मुलीनं. माझ्याकडे शिवण शिकायला यायची ती. ह्यांना आभाळ ठेंगणं झालं. पण वस्तीनं पोरीशी बोलणं टाकलं आणि ह्यांचं चित्त थाऱ्यावर राहिना. "मी तिला देव दिला, की तिची माणसं काढून घेतली?" सारखं हेच. मी म्हणायचे, "आधी खाली बसा, मग विचारा."

तशात तिचा बाप गेला. वस्तीची रीत अशी, की घरातलं माणूस गेलं की चूल विझवायची. मग लेकीनं शेजाऱ्याच्या चुलीतला विस्तव आणायचा, त्यावर ती पुन्हा पेटवायची. तोवर घरात अन्न शिजत नाही. काडी ओढलेली चालत नाही. पोर घरोघर फिरली. "तू आता आमच्यातली नाहीस," म्हणून सगळ्यांनी दारं लावून घेतली. आई थंड चुलीपुढे उपाशी बसून होती.

शेवटी पोर खापर घेऊन आमच्या दारात आली. "काका, विस्तव द्याल?"

मोठ्या पाळकांनी मागच्याच भेटीत बजावलं होतं: वस्तीच्या रीतींत पडलात तर काम गेलं समजा. हे अंगणात येरझारा घालायला लागले. "हो म्हटलं तर मंडळीला काय सांगू? नाही म्हटलं तर हिला कसं तोंड दाखवू?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "अहो, म्हातारी तिकडे उपाशी आणि तुम्ही इकडे जमीन झिजवताय."

हे थांबले. "प्रभूनं तळ्याकाठी विस्तव करून दमल्याभागल्या कोळ्यांना जेवायला बोलावलं," म्हणाले, "आणि मी विस्तव नाकारू?" निखारे त्यांनीच चिमट्यानं खापरात घातले. मग हळूच मला विचारलं, "पण आपल्याला शेजारी म्हणतील का गं?"

आम्ही पोरीच्या मागोमाग गेलो. म्हातारीनं विचारलं, "कुणाच्या चुलीतला?"

"भिंगरीकाकांच्या."

म्हातारीनं ह्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हा तर शिकवायला येतो. शेजारी कधी झाला?"

हे तिच्या उंबऱ्याबाहेर मातीत बसले. उठले नाहीत, पायसुद्धा हलवला नाही. लग्नापासून मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. निखाऱ्यांवर राख चढायला लागली. तेव्हा म्हातारीनं खापर पुढे ओढलं आणि फुंकर घातली.

ह्यांचं काम गेलंच. आम्ही मात्र वस्ती सोडली नाही, माझ्या शिवणावर भागत होतं. फिरणं काही सुटलं नाही ह्यांचं. फक्त आता सांगायचे कमी आणि ऐकून यायचे जास्त. पोरीशी लोक हळूहळू बोलायला लागले.

मागच्या थंडीत हे गेले. प्रार्थना झाली, माती दिली, आणि मी घरी आले. मी काही त्या रीतीतली नव्हे. तरी चूल विझवली, आणि मग पेटवायला हात धजेना. आम्हाला मूलबाळ नाही. माझ्याकडे कोण येणार, ह्या विचारानं जीव नुसता कासावीस झाला. घरातल्या घरात ह्यांच्यासारख्याच येरझारा घालत होते.

दार वाजलं. पोर उभी होती, हातात खापर, निखाऱ्यांनी शिगोशीग भरलेलं.

"एवढा?" मी म्हटलं. "कुणाच्या चुलीतला?"

"सगळ्यांच्या," ती म्हणाली. "एकाचाच घेतला असता तर बाकीचे रुसले असते. सरका काकू, लेकीनं पेटवायची असते."