पहिल्या गिअरवरचं त्वरण

अकरावीत असताना मी दर्यापूरहून अमरावतीला शिकवणीला काळीपिवळी जीपमधून जायची. आमचे फिजिक्सचे सर म्हणजे सार्थ अंकांचे भक्त. उत्तरात एक आकडा जास्त लिहिला, की वहीवर लाल रेघ. एकदा त्यांनी सांगितलं, "खऱ्या गाडीचं त्वरण काढून आणा."

माझ्या ओळखीची खरी गाडी ती जीपच. थांब्यापासून पुढच्या खांबापर्यंतचं अंतर मी मोजून ठेवलं: साठ मीटर. बाबांचं काट्याचं घड्याळ घेऊन ड्रायव्हरकाकांच्या मागे बसले. गाडी सुटली आणि अकरा सेकंदांत खांब आला. सूत्र सोपं: अंतराची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग. कॅल्क्युलेटर म्हणाला, ०.९९१७३५५.

"किती आलं?" काकांनी आरशातून विचारलं.

"शून्य पॉइंट नव्व्याण्णव. बाकीचे आकडे उडवायचे असतात."

"उडव ना, पण मंग पुरा एक लिही! एवढ्याशासाठी काहून अडून राहिली?"

मी सांगितलं, अंतर दोन अंकी, वेळ दोन अंकी, म्हणून उत्तरातही सार्थ अंक दोनच. काकांना हा सरळसरळ अपमान वाटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी अशी काही काढली, की शेजारच्या आजीबाईंची मेथी माझ्या मांडीवर आली.

"कोणाले मारतं का रे मेल्या!" आजीबाई ओरडल्या.

पण दहाच सेकंद लागले. उत्तर १.२. काका दर्यापूर जिंकल्यासारखे हसले.

सरांनी वही पाहिली आणि विचारलं, "मधे गिअर बदलला का?"

"तीनदा."

"मग त्वरण स्थिर कुठं राहिलं? हे सूत्रच लागत नाही." लाल रेघ.

काकांना सांगितल्यावर ते सरांबद्दल जे बोलले, ते इथे लिहिता येणार नाही. पण तिसऱ्या दिवशी त्यांनी साठ मीटर गाडी पहिल्याच गिअरवर रेटली. इंजिन बोंबलत होतं, आजीबाईंनी दोन्ही कानांत बोटं घातली होती. तेरा सेकंद. ०.७१.

सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले. मी आनंदानं वही काकांना दाखवली. त्यांचा चेहराच पडला.

"पॉइंट एकाहत्तर? हे कोणी वाचलं तर माह्या गाडीत बसन का?"

मग त्यांनीच खिशातून पेन काढून दिलं. "खाली लिही, पैल्याच गिअरवर होती म्हणून."

मी लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, मग चावी फिरवली.