नद्यांच्या धड्यातला एक शब्द

बुरहानपूरच्या मराठी कन्याशाळेत मी शिकवायला लागले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. इंग्रजांचा अंमल होता आणि आमची क्रमिक पुस्तकं कुठेतरी दूर लिहिली जात. माझ्याकडे तिसरीचा वर्ग, बावीस मुली. गोष्टीचा धडा असला की त्या इतक्या रंगून वाचत की घंटा झालेली कळत नसे. माहितीचा धडा आला की मात्र जांभया सुरू. पावसाचा धडा संपल्यावर एकीने विचारलं होतं, "बाई, यात कोनीच नाही का?"

"कोणीच म्हणजे?"

"राजा, कोल्हा, कोनी तरी. नाहीतर पुढं काय झालं ते कसं कळनार?"

मी हसले, पण प्रश्न डोक्यात राहिला. आजवर त्यांनी जे ऐकलं होतं त्यात कोणाचं तरी काहीतरी होत होतं. इथे काहीच होत नव्हतं. असलं लिखाण वाचायचं कसं, हे मलाही कोणी शिकवलं नव्हतं. माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं, मीही तेच करत होते.

त्या हिवाळ्यात नद्यांचा धडा आला. मुलींनी आळीपाळीने वाचला. मग मी फळ्यावर लिहिलं, 'दक्षिणेतील नद्या पूर्वेकडे वाहतात', आणि सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्या वेळी सिंधीपुऱ्यातली एक मुलगी गप्प राहिली. तिचे वडील जरीचे व्यापारी.

"तू का म्हणत नाहीस?"

"बाई, तापी तर सुरतेला जाते. बाबा बी जातात तिकडं, मालासाठी."

"बरं मग?"

"सुरत पूरबला कुठंय?"

मी भिंतीवरच्या नकाशापाशी गेले. सुरत पश्चिमेला, समुद्राजवळ. वर्गात एकच गलका झाला. "किताब झूट बोलते! किताब झूट बोलते!"

मी त्यांना गप्प केलं. दुसऱ्या दिवशी मुलींना घाटावर न्यायची परवानगी मी मोठ्या बाईंकडे मागितली.

"तापी काय नवीन आहे त्यांना? जन्मापासून बघताहेत."

"बघताहेत, पण ती कुठे जाते ते विचारलं तर सांगता येत नाही."

मोठ्या बाईंनी खिडकीतून नदीच्या दिशेला पाहिलं. मला वाटतं, त्यांनी स्वतःलाच विचारून पाहिलं असावं. "न्या," त्या म्हणाल्या. "पण महिनाअखेर शाळाखात्याचे डिपोटीसाहेब तपासणीला यायचेत. धडे मागे पडता कामा नयेत."

सकाळच्या उन्हात आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर उभ्या राहिलो. सूर्य पलीकडच्या काठावर, जरासा डावीकडे. मुलींनी झेंडूची फुलं पाण्यात सोडली. ती उजवीकडे निघाली.

"सूर्य समोर, म्हंजे पूरब समोर," सिंधीपुऱ्याची मुलगी म्हणाली. "फुलं तर समोर बी जाईनात आन् मागं बी येईनात."

वाद पेटला. शेवटी त्यांनी नाव बांधत असलेल्या नावाड्यालाच गाठलं. "काका, ही पुढं कुठं जाते?"

"इथं वाकडी दिसते, पोरींनो. पुढं भुसावळाकडून मावळतीला. थेट सुरतेपर्यंत."

"तुम्ही गेलते का?"

"मी कशाला जातो?"

"मग तुम्हाला कसं ठाऊक?"

तो हसायला लागला. "बापानं सांगितलं." मला मात्र त्या प्रश्नाचंच अप्रूप वाटलं. वर्गात असा प्रश्न मला कधी कोणी केला नव्हता.

शाळेत परतल्यावर मुली पेन्सिली काढून बसल्या. पुस्तकातलं ते वाक्य खोडायचं ठरलं होतं. मीही निम्मी त्यांच्याच बाजूची झाले होते. तरी म्हटलं, "आधी एकदा नीट वाचा, मग खोडा. कोण वाचतं?"

दापोऱ्याच्या मुलीने हात वर केला. ती मामाकडे राहून शिकत होती. एकेका अक्षराखाली बोट धरून इतकं सावकाश वाचायची, की वेळ जातो म्हणून मी बहुधा तिची पाळी गाळत असे. "द-क्षि-णे-ती-ल," तिने सुरुवात केली. "ब-हु-ते-क." बोट थांबलं. "बाई, बहुतेक म्हंजे?"

मी माझं पुस्तक उघडलं. 'दक्षिणेतील बहुतेक नद्या पूर्वेकडे वाहतात.' तो शब्द छापलेला होता. बाकीच्या एकवीस जणी त्यावरून घसरून गेल्या होत्या, आणि मी तर तो फळ्यावर लिहिलाच नव्हता.

"म्हणजे पुष्कळशा. सगळ्या नाहीत."

ती विचार करून म्हणाली, "मग किताब खोटी नाही. तुमीच चुकीचं लिहिलं."

"हो," मी म्हटलं, "चूक माझीच."

त्यानंतर आमचं वाचन बदललं. वाचण्याआधी मी विचारायची, याबद्दल तुम्हाला आधीच काय ठाऊक आहे? मग मुली 'काही', 'कधी कधी', 'सहसा' असले शब्द शोधून त्यांच्याखाली रेघ मारत. दापोऱ्याच्या मुलीची पाळी मी पुन्हा गाळली नाही.

महिनाअखेर डिपोटीसाहेब आले. त्यांनी नद्यांचंच विचारलं. साऱ्या मुली ओरडल्या, "बहुतेक पूर्वेकडे!"

"बहुतेक का बरं?"

सिंधीपुऱ्याच्या मुलीने तापीचं सांगितलं. एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं, असं मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण दापोऱ्याची मुलगी उभी राहिली. "साहेब, आमची तापीच उलटी का जाते? किताबात लिहिलं नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मला ठाऊक नाही, बाळ. नागपूरला गेलो की विचारून कळवतो."

मला ते खरं वाटलं नाही. पण काही आठवड्यांनी खरंच पोस्टकार्ड आलं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मधली जमीन पश्चिमेकडे उतरती, असं बारीक अक्षरात लिहिलं होतं. मी ते दापोऱ्याच्या मुलीला मोठ्याने वाचायला दिलं. तिला जवळजवळ अर्धा तास लागला. कोणी फिदीफिदी हसलं नाही. कार्ड खाली ठेवून ती म्हणाली, "बाई, आधी डोंगर झाले का आधी नदी?"

मी खुर्चीवर बसले आणि म्हटलं, "बसा गं साऱ्या. तुम्हाला काय वाटतं?" त्या दिवशी गणिताचा तास झालाच नाही.